सर्जेरावानं न खाल्लेला नान-खलिया

सर्जेराव वाकळे घराबाहेर पडला की कुठं चाललात असं त्याची बायको चंपाबाई कधी विचारत नसे. ती विचारायची, "आज कुणाकडं काय शिजलंय?" आणि सर्जेराव चपला चढवता चढवता खरं तेच सांगून टाकायचा.

त्याच्या डोक्यात संभाजीनगरचा जो नकाशा होता त्यात रस्ते नव्हतेच, वास होते. गुलमंडीवर इमरतीची कढई कधी चढते, शहागंजाच्या मागच्या गल्लीत तंदूरमधून पहिला नान कधी निघतो, सिडकोत कुणाच्या घरी आमसुलाची आमटी जमते आणि कुणाच्या घरी नुसतीच उकळते, हे सगळं त्याला पाठ. माणसाचं नाव तो विसरायचा, पण त्या घरची शेंगदाण्याची चटणी विसरायचा नाही. "तुम्ही ते लसूण जास्त घालणारे ना?" असं म्हणून त्यानं एकदा एका निवृत्त न्यायाधीशाला रस्त्यात मिठी मारली होती.

फुकट्या म्हणून मात्र त्याला कुणी हिणवलं नाही. ताट पुढं आलं की तो त्या घराला एक स्वगत देत असे. मोरीच्या कडेला उभा राहून तो राजा व्हायचा, राज्य गमवायचा, छातीत कट्यार घेऊन मरायचा आणि ताक मागायला पुन्हा उठायचा. एकदा तर तेराव्याच्या पंगतीत त्यानं गेलेल्या म्हाताऱ्याची नक्कल केली, तीही खुद्द म्हाताऱ्याच्या फोटोसमोर. सगळ्यांचे श्वास अडकले. मग म्हाताऱ्याची थोरली लेक पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि त्या घरात अडकून पडलेली हवा हलली. तिनं त्याला बुंदी पुन्हा वाढली.

पोटासाठी त्यानं उभा जन्म चितेगावच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजले, आणि जिवासाठी संध्याकाळी नाटकं केली. हौशी नाटकांतले सगळे हवालदार, सरपंच आणि मामा त्याच्याकडं येत. मामा इतके आले, की गावानं त्याला मामाच करून टाकलं. तो विंगेतून बाहेर आला की आधी पोट दिसायचं, मग मिशी, मग तो. पोट दिसलं की प्रेक्षक हसायचे. मिशी दिसेपर्यंत टाळी पडलेली असायची.

यात दुःख करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण गंगापूरच्या एका प्रयोगात त्याला एक वाक्य होतं, "पोरी, तुझा बाप गेला." त्या वाक्यासाठी त्यानं महिनाभर घरी आरशासमोर उभं राहून तालीम केली होती. तो रंगमंचावर गेला, वाक्य बोलला, आणि अख्खं गंगापूर पोट धरून हसलं. हसता हसता कुणीतरी मागून ओरडलं, "मामा, जेवून गेला का तसाच?" सर्जेरावानंही हसून घेतलं. त्या संध्याकाळी मात्र त्यानं पहिल्यांदा पिठल्याला नाही म्हटलं आणि चंपाबाईनं डॉक्टरला फोन लावला.

तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं. एकदा, फक्त एकदा, आपण समोर असताना लोक हसू नयेत. एवढी माणसं एका खोलीत गप्प बसलेली त्याला ऐकायची होती.

ही संधी त्याच्याकडं नौशीन घेऊन आली. नौशीन नाट्यशास्त्र शिकलेली, बारीक, तुटक बोलणारी मुलगी. स्पर्धेसाठी तिनं स्वतः एक नाटक लिहिलं होतं. त्यात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. भांडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी फोन करतो, मी येतोय, नान-खलिया आणून ठेवा म्हणतो. बाप आणतो, ताट वाढतो आणि वाट बघत बसतो. पाऊण तास. मुलगा येत नाही. बाप ताटाला हात लावत नाही. संपलं नाटक.

"यात मामाला कुणाचं काम?" सर्जेरावानं विचारलं.

"बापाचं. तुम्ही."

"मी?" त्यानं स्वतःच्या पोटाकडं बघितलं. "अगं बेटा, उपाशी माणसाचं काम हे. एखादा वाळलेला बघ की."

"वाळलेला माणूस उपाशी बसला तर त्यात काय विशेष, मामा? तो रोजच बसतो. तुम्ही बसलात तर लोकांना दिसेल, बसणं म्हणजे काय."

सर्जेरावानं वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो नाक पुसत बाहेर गेला आणि आनंदाच्या भरात दोन प्लेट भजी खाऊन आला.

ताटात खरा नान-खलिया हवा, हा नौशीनचा हट्ट होता. वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला पाहिजे म्हणे. तो आणायचा चांदपाशाकडून. चांदपाशा म्हणजे शहागंजातला भट्टीवाला, सर्जेरावाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या देगीतल्या मटणाच्या खलियावर बोटभर तांबडी तर्री असायची आणि हळदीचा हात फिरलेला त्याचा नान सकाळच्या उन्हासारखा दिसायचा. दोघांची रोज भेट, रोज भांडण, आणि रोज शेवटचं हाडूक कुणी चोखायचं यावर समझोता.

पहिल्या तालमीला ताट आलं. मुलाचा फोन येण्याआधीच नान संपला होता.

दुसऱ्या तालमीला सर्जेरावानं शपथ घेतली. ताटाकडं पाठ करून बसला. पण नौशीन प्रकाशवाल्या कडुबाला काही सांगायला वळली आणि परत बघते तर मामाच्या मिशीला तर्री लागलेली. मग तिनं रबराचा नान आणवला. त्यावर सर्जेराव इतक्या रबरी नजरेनं बघायला लागला, की तिनं तो खिडकीतून फेकून दिला.

शेवटी ती चांदपाशाकडं गेली. "चाचा, प्रयोगाच्या दिवशी खलियात मीठ घालू नका. नाही तर मामा खातीलच."

चांदपाशानं झाऱ्या देगीच्या काठावर आपटला. "बेटा, मेरे बाप ने दुश्मन को बी फीका नै खिलाया. मीठ पडणार. मसाला बी पडणार. तुझा हीरो नालायक आहे, त्याला माझा खलिया काय करणार?"

सर्जेराव तिथंच बाकावर बसून हाडाची नळी फोडत होता. तो तडकला. "नालायक कुणाला म्हणतो रे? मी नाय हात लावायचा. पाऊण तास नाय लावायचा."

"तू? अरे सर्जे, तू स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरेपर्यंत दम नै काढला. मागं जाऊन जिलबी खाल्ली तू. मी होतो ना सोबत."

"लाव पैज."

"लाव. तू एक घास बी खाल्ला, तर वर्षभर माझ्या भट्टीवर तुला फकत वरण-भात. मी स्वतः करून वाढणार."

सर्जेरावाच्या हातातली नळी खाली आली. शिक्षा फार मोठी होती. पण गंगापूरचं ते हसू त्याच्या कानात अजून होतं. "मंजूर. आन् नाय खाल्ला, तर तू ह्या भट्टीवर पाटी लावायची. सर्जेराव वाकळे थोर नट आहे. मोठ्या अक्षरात. कायमची."

"लावतो. सोन्याच्या अक्षरात लावतो," चांदपाशा म्हणाला आणि गल्लीत ऐकू जाईल असा हसला.

स्पर्धेआधी एक प्रयोग बाहेरगावी करून बघायचा असं ठरलं. कन्नडला एक मंगल कार्यालय रिकामं मिळालं. त्या आठवड्यात मुहूर्त नव्हते. बाजाराचा दिवस होता, तेव्हा लोक येतील असा अंदाज, आणि लोक आलेही. कुणी मेथीची जुडी घेऊन, कुणी नवं टोपलं घेऊन, कुणी पंख्याखाली जरा टेकावं म्हणून. नाटकमंडळी एसटीनं गेली. चांदपाशा खलियाचा डबा मांडीवर घेऊन बसला आणि सर्जेरावाला मुद्दाम शेजारी बसवलं. गाडी खड्ड्यात आदळली की झाकणाच्या फटीतून वास सुटायचा आणि चांदपाशा खिडकीबाहेर बघत गुणगुणायचा. सर्जेराव सकाळपासून उपाशी होता. त्याला वाटेतली उसाची शेतंसुद्धा वाढलेल्या पानांसारखी दिसत होती.

पण त्यानं एक युक्ती शोधून काढली होती. ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, नौशीनलाही नाही. प्रयोग संपला की ते ताट त्याचं. पैज होती नाटकापुरती, नंतरची नाही. तेव्हा पाऊण तास मुलाची वाट बघायची भानगडच नको. अंधार व्हायची वाट बघायची. अंधार झाला की नान, तर्री, नळी, सगळं आपलं. ही वाट त्याला बघता येत होती. आयुष्यभर तो तीच बघत आला होता.

नाटक सुरू झालं. पोट आलं. लोक हसले. मिशी आली. लोक आणखी हसले. पहिल्या रांगेत चांदपाशा मांडी घालून बसला होता, भुवया उडवत.

सर्जेरावानं ताट वाढलं. नान दोन्ही हातांनी ठेवला, वाटीत खलिया ओतला, वाटी जरा फिरवून नळीचं तोंड स्वतःकडं घेतलं. वास सुटला. पुढच्या रांगेतल्या एकानं मोठ्यानं आवंढा गिळला आणि त्यावरही हशा पिकला. मग सर्जेराव ताटाकडं बघत बसला. त्या बघण्यात इतकं प्रेम होतं, इतका धीर होता, की हसू हळूहळू विरायला लागलं. तो मध्येच दाराकडं बघायचा. खरं तर दाराशेजारी कडुबा दिव्यांच्या बटणांशी बसला होता आणि सर्जेराव त्याच्याकडं बघत होता, की हा अंधार कधी करतो. पण लोकांना दार दिसत होतं. तो ताटावरची माशी हाकलायचा. नान वाळू नये म्हणून त्यावर धोतराचा सोगा धरायचा. एकदा त्याचा हात आपोआप ताटाकडं गेला. चांदपाशा गुडघ्यावर उठला. हात वाटीपाशी थांबला, वाटीला बाहेरून लागला, आणि सर्जेराव सवयीनं पुटपुटला, "निवलं."

हा शब्द नाटकात नव्हता. खलिया निवल्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. पण त्या एका शब्दानं मंगल कार्यालय गप्प झालं. पंखे ऐकू यायला लागले. बाहेर बाजारात कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं, तेवढंच. सर्जेरावानं कान दिला. हेच ते. इतकी वर्षं ज्याची भूक होती ते समोर वाढून ठेवलेलं होतं, गार, जड, थेट त्याच्यासाठी. क्षणभर तो खलिया विसरला.

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली.

तिचं नाव मनकर्णाबाई, हे नंतर कळलं. पिशवी तिनं शेजारणीच्या मांडीत दिली, पदर खोचला, दोन पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर आली. विंगेत नौशीननं कपाळावर हात मारला. म्हातारी सर्जेरावासमोर उकिडवी बसली. नानाचा तुकडा तोडला, तर्रीत बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी धरला.

"खा बाबा. तो यायचा नाय. किती येळ बसशील असा?"

तर्रीचा एक थेंब तिच्या मनगटावरून ओघळला. सर्जेरावानं तो ओघळताना पाहिला. जन्मात त्यानं कुणाच्या हातचा घास परत पाठवला नव्हता. चांदपाशाचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यात विजय दिसायला लागला होता. खाल्ला तर म्हातारीचं मन राहतं, पोट राहतं, फक्त ते गप्प बसलेले लोक जातात.

त्यानं म्हातारीचं मनगट धरलं. घास तिच्या हातातून घेतला. परत ताटात ठेवला.

"तो आला म्हंजे खाऊ, बाई," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्याच्या ओळखीचा नव्हता.

मनकर्णाबाईनं मान हलवली. "मंग मीबी बसते."

आणि ती बसली. मांडी घालून, ताटाच्या पलीकडं, दाराकडं तोंड करून. आता दोघं वाट बघत होती. मग हॉलमधल्या सगळ्या माना हळूहळू दाराकडं वळल्या. मेथीच्या जुडीवाला, टोपलंवाली, सगळे. चांदपाशासुद्धा. कडुबाला वाटलं लोक आपल्याकडंच बघतायत. तो घाबरला आणि त्यानं घाईनं दिवे घालवले.

टाळ्या सुरू व्हायला जरा वेळ लागला.

दिवे लागले तेव्हा नौशीन रडत होती आणि ते लपवायला कडुबाला ओरडत होती. लोक पुढं येऊन सर्जेरावाच्या पाया पडत होते. कुणीच हसत नव्हतं. सर्जेरावानं सगळ्यांना घाईघाईनं नमस्कार केले, सुखी राहा, सुखी राहा, आणि तो ताटाकडं वळला. त्याची वेळ झाली होती.

हात नानापर्यंत पोचला आणि फाडकन चापट बसली.

"पोरगा आला का?" मनकर्णाबाई अजून तिथंच बसली होती.

"अहो बाई, नाटक संपलं."

"ते लोकायचं संपलं. तूच म्हणला ना, तो आला म्हंजे खाऊ?"

"व्हय, पण ते…"

"मंग गप बस."

चांदपाशा रंगमंचाच्या कठड्यावर कोपर टेकून उभा होता. पैज हरल्याचं त्याच्या तोंडावर नावालाही नव्हतं. "बरोबर आहे मावशी. बिलकुल हात लावू देऊ नका."

सर्जेराव खाली बसला. आवाज मऊ केला. आपल्याला या म्हातारीचं दुःख कळलंय, अशी त्याची खात्री झाली होती. आत्ताच तो इतक्या लोकांचा बाप होऊन उठला होता. "बाई," तो म्हणाला, "तुमचा पोरगा कुठं असतो?"

"घरीच."

"आं?"

"घरीच असतो मेला. जात नाय कुठंच. दोन टायमाला आठ-आठ भाकरी हाणतो." तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझ्यावाणीच दिसतो. तुला किती पोरं?"

"दोन पोरी. नांदतात आपल्या घरी."

"पोरगा?"

"पोरगा… नाय."

"म्हंजे कुणी यायचंच नव्हतं?"

"नाटक होतं ना बाई ते," सर्जेराव काकुळतीला आला.

मनकर्णाबाईनं दाराकडं शेवटचं एकदा बघितलं. मग ताट स्वतःच्या पुढ्यात ओढलं. "मंग येवढं अन्न वाया कशाला घालवायचं? वाट बघून बघून लई भूक लागली बाई."

आणि ती खायला लागली. शांतपणे, व्यवस्थित, बाजाराच्या दिवशी दमलेलं माणूस खातं तशी. नान संपवला. तर्री बोटानं निपटली. मग नळी उचलली, ताटाच्या कडेवर ठोकली, एकदा, दोनदा, आणि ओठाला लावून डोळे मिटून ओढली. त्या आवाजासरशी सर्जेरावाच्या तोंडावरून असं काही सरकून गेलं, की नौशीन रडणं विसरून पुढं धावली.

"मामा! हलू नका! हाच चेहरा! स्पर्धेला हाच ठेवा!"

ढेकर देऊन मनकर्णाबाई उठली, चांदपाशाला म्हणाली, "मीठ बराबर हाय तुझं," आणि पिशवी घेऊन जीप पकडायला गेली.

चांदपाशानं शब्द पाळला. आठवड्याभरात भट्टीवर पाटी लागली, सोनेरी अक्षरांत. पण मजकूर त्यानं स्वतः सांगून लिहवून घेतला होता. "सर्जेराव वाकळे थोर नट आहेत. आमचा नान-खलिया समोर असून त्यांनी खाल्ला नाही."

सर्जेराव पाटीखाली उभा राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होता. त्याला त्यात पहिलंच वाक्य दिसत होतं. गिऱ्हाइकाला दुसरं दिसायचं. येणारा-जाणारा पाटी वाचायचा, थबकायचा. ज्या माणसानं उभ्या शहरात एकही ताट सोडलं नाही, त्यानं हे का सोडलं? तेल जुनं होतं का? मटणात काही होतं? दुपारची गर्दी पातळ झाली. देग अर्धी उरायला लागली. लोक नाक वर करून वास घ्यायचे, पाटी वाचायचे आणि पुढच्या भट्टीवर जायचे.

"काढ ती," सर्जेराव म्हणाला. त्याला मनातून गुदगुल्या होत होत्या.

"जबान दिली मी. कायमची म्हणला होता तू." चांदपाशानं पंच्यानं तोंड पुसलं. "अब एकीच इलाज आहे. तू रोज दुपारी ये. पाटीच्या खाली बस. सगळ्यांसमोर खा."

"रोज?"

"रोज."

"मी आता गंभीर नट आहे, चांद. लोकांसमोर असं हदडणं बरं दिसतं का?"

"सर्जे, ज्यादा नक्को करू. नळी देतो."

तेव्हापासून सर्जेराव रोज दुपारी पाटीखाली बसतो. चंपाबाई आता कुणाकडं काय शिजलंय हेही विचारत नाही. ताट येतं. गर्दी जमते, कारण थोर नट जेवणार असतो. तो नानाचा तुकडा तोडतो, तर्रीत बुडवतो, तोंडापाशी नेतो आणि तिथंच थांबतो. मान वर करतो. गल्लीच्या तोंडाकडं बघतो, कुणीतरी यायचं असल्यासारखं. भट्टीवर एकदम शांत होतं. झाऱ्या थांबतो. दोन-चार माणसं मागं वळून खरंच गल्लीच्या तोंडाकडं बघतात.

मग तो खातो.